एक वीत पाणी

आदल्या दिवशीची संध्याकाळ

"आधी हात धुऊन ये. साबणाने," ताई म्हणाली. पलंगावर तिने पांढरा टॉवेल अंथरला होता, पंखा बंद केला होता आणि टेबलावरचा दिवा अगदी जवळ ओढून घेतला होता. टॉवेलवर हाऊसिंगचे, म्हणजे कॅमेऱ्याला पाण्याखाली कोरडं ठेवणाऱ्या पेटीचे, दोन भाग उघडे ठेवले होते. मागच्या झाकणाच्या खाचेत एक काळी रबरी ओ-रिंग, बुटाच्या नाडीएवढी जाड. आत बसणारा कॅमेरा, लेन्स आणि उद्यापासूनचे सात दिवस, सगळं त्या एका कड्याच्या भरवशावर होतं.

ताई माझी मावसबहीण. बारा वर्षं ती पाण्याखाली फोटो काढते आहे. गेल्या वर्षी तिने नवा कॅमेरा घेतला आणि जुना नायकॉन डी५००, त्याचं अ‍ॅल्युमिनियमचं हाऊसिंग, दोन स्ट्रोब (पाण्याखालचे फ्लॅश) आणि दोन लेन्स माझ्या हवाली केल्या. अट एकच घातली: "आधी पन्नास डाइव्ह मोकळ्या हातांनी कर. तरंगणं अंगात मुरलं की मग हा हातात घे." तेव्हा मला ते जाचक वाटलं होतं. आज वाटत नाही. ज्याला पाण्यात एका जागी, वर-खाली न होता थांबता येत नाही, त्याच्या हाती कॅमेरा आला की डोळा व्ह्यूफाइंडरला लागतो आणि पायातला फिन प्रवाळाला. वर्षानुवर्षं वाढलेली फांदी एका फटक्यात मोडते.

ओ-रिंग काढायची ती प्लॅस्टिकच्या बोथट पट्टीने. सुई, पिन असलं काही जवळसुद्धा आणायचं नाही. काढल्यावर ती दोन बोटांच्या चिमटीतून सबंध फिरवायची. डोळ्यांना न दिसणारा वाळूचा कण बोटांना कळतो. मग खाच पुसायची, मग रिंगला मुगाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस. मी जरा जास्तच घेतलं तेव्हा ताईने हात धरला. "ग्रीस पाणी अडवत नाही, रिंग अडवते. ग्रीसमुळे ती नीट सरकून बसते, एवढंच. जास्त लावलंस तर कचरा चिकटेल." दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो आणि तोच दाब झाकण रिंगवर आणखी घट्ट बसवतो. म्हणून पाणी शिरायचं असेल तर बरेचदा ते खोलवर नाही, पहिल्या मीटरभरातच शिरतं.

मी झाकण लावणार तेवढ्यात तिने दिवा तिरका केला. खाचेत माझाच एक केस आडवा पडला होता. पेरभर लांबीचा. तो काढायला मला दोन मिनिटं लागली आणि ती दोन मिनिटं मी विसरणार नाही.

शेवटी छोट्या हातपंपाने आतली थोडी हवा ओढून घेतली. हाऊसिंगमधला हिरवा दिवा लुकलुकायला लागला. आतला दाब टिकला तर हिरवा, हवा आत शिरू लागली तर लाल. वीस मिनिटं आम्ही दोघी त्या दिव्याकडे बघत बसलो.

दिवस पहिला

पहिली डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय. हाऊसिंगमध्ये कॅमेऱ्याच्या जागी फडक्यात गुंडाळलेली दोन शिशाची वजनं आणि तळाशी घडी घातलेला टिश्यू पेपर. रिकामं हाऊसिंग वर उसळतं म्हणून वजनं, आणि एक थेंब जरी आत आला तरी टिश्यूवर डाग दिसतो म्हणून टिश्यू. पंधरा मीटरपर्यंत नेलं, सगळी बटणं दाबून पाहिली, डायल फिरवले. वर आल्यावर उघडलं तर टिश्यू कोरडा. तो आत तसाच राहू दे, ताई म्हणाली.

किनाऱ्यावरून पोहत जाता येईल इतक्या जवळ प्रवाळाचा पट्टा होता. सातही दिवस तिथेच उतरायचं, हे ताईने आधीच ठरवलं होतं. रोज नवी जागा पाहिली की रोज नवं काहीतरी दिसतं, पण कुठला मासा किती वाजता कुठे असतो हे कळायला एकाच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं.

दुपारी कॅमेरा घेऊन उतरले. लेन्स १० ते १७ एमएम फिशआय, म्हणजे अतिरुंद कोनाची, आणि पुढे छोटा डोम पोर्ट, हाऊसिंगची घुमटासारखी काच. स्ट्रोब नाहीत. जमिनीवर दोन्ही हातांनी उचलावं लागणारं ते धूड पाण्यात शिरताच हलकं झालं. डोममधल्या हवेमुळे त्याचं नाक थोडं वर उचललं जात होतं, तेवढं मनगटाने सांभाळायचं.

सात मीटरवर एका खडकाच्या कडेला समुद्रफूल होतं, परातीएवढं. त्याच्या बोटांसारख्या शुंडांमध्ये क्लाऊनफिशची जोडी. दोघांतली मोठी ती मादी. या माशांमध्ये सगळे नर म्हणूनच वाढतात आणि मादी गेली की तिचा नर मादी होतो. समुद्रफुलाच्या बुंध्याशी, खडकाच्या साफ केलेल्या भागावर, तळहाताच्या निम्म्याएवढा नारिंगी डाग होता. ताईने स्लेटवर, पाण्याखाली लिहायच्या पाटीवर, लिहिलं, "अंडी. ताजी." नर त्यावर छातीचे पर हलवत ताज्या पाण्याचा झोत सोडत होता. मी साठएक फोटो काढले. मधूनच ताईने स्लेट पुसून एकच शब्द लिहिला: "जवळ." मी थोडी पुढे झाले. तिने त्या शब्दाखाली रेघ ओढली.

संध्याकाळी लॅपटॉपवर सगळे फोटो निळे. निळ्यात हरवलेला खडक, त्यात नखाएवढा करडा मासा. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा तो नारिंगी होता, मला तरी तसाच वाटला होता. पाणी लाल रंग सगळ्यांत आधी गिळतं. पाच मीटरपासूनच तो विझू लागतो, त्याच्या मागोमाग नारिंगी, मग पिवळा. आपला मेंदू ती तूट आपल्याला कळू न देता भरून काढतो. कॅमेरा मात्र जे आहे तेच टिपतो.

"तुझ्या आणि माशाच्या मध्ये किती पाणी होतं?" ताईने विचारलं.

"दीड मीटर असेल."

"तुला दीड वाटलं म्हणजे दोन मीटर असणार. मग हा त्या दोन मीटर पाण्याचा फोटो आहे. मासा त्याच्या मागे आहे."

मास्कच्या सपाट काचेतून पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांशावर असल्यासारखी दिसते, आणि त्याच प्रमाणात मोठी वाटते. त्यामुळे "मी जवळ गेले होते" असं जेव्हा आपण शपथेवर सांगतो, तेव्हासुद्धा आपण दूरच असतो. हे मला आधी पुस्तकातून माहीत होतं. त्या साठ फोटोंसमोर बसल्यावर ते पटलं.

एक गोष्ट तेवढी चांगली झाली. फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, काढले होते आणि त्याच खोलीवर पांढऱ्या स्लेटवरून व्हाइट बॅलन्स (पांढरं ते पांढरं दिसावं म्हणून रंगांची जुळणी) घेतला होता, म्हणून काहींमध्ये खडकाचा तपकिरी रंग थोडाफार परत आणता आला. पण जो रंग सेन्सरपर्यंत पोचलाच नाही तो कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही.

दिवस दुसरा

आज दोन्ही स्ट्रोब. हाऊसिंगच्या दोन मुठींवरून सांधे असलेले दोन हात निघतात आणि त्यांच्या टोकांना एकेक स्ट्रोब. लांबून खेकड्यासारखं दिसतं. डी५०० ला स्वतःचा फ्लॅश नाही, म्हणून आत एक छोटा ट्रिगर बसवला आहे. त्याचा प्रकाश फायबर ऑप्टिक तारेतून स्ट्रोबपर्यंत जातो आणि स्ट्रोब उडतात. प्रत्येकात चार पेन्सिल सेल, आणि त्या झाकणांनाही आपापल्या ओ-रिंग. म्हणजे रोज सकाळी तपासायची कडी आता चार झाली.

पहिल्या डाइव्हचे फोटो पाहून मला रडू यायचं बाकी होतं. रंग आले होते, पण सबंध चौकटीत पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस. पाण्यात कायम बारीक कण तरंगत असतात. मी उत्साहाने दोन्ही स्ट्रोब डोमच्या शेजारी आणून सरळ माशावर रोखले होते. त्यामुळे डोम आणि मासा यांच्यामधलं सगळं पाणी उजळलं आणि त्यातला कण न् कण चमकला. याला बॅकस्कॅटर म्हणतात.

दुपारी ताईने वाळूवर गुडघे टेकून मला जागा दाखवली. स्ट्रोब बाहेर, हात पसरल्यासारखे. मग मागे, डोमच्या काचेच्याही मागे. आणि तोंडं किंचित बाहेरच्या बाजूला वळवलेली. हे मला उलटंच वाटत होतं. पण स्ट्रोबचा प्रकाश शंकूच्या आकारात पसरतो. दोन शंकूंच्या आतल्या कडा माशाजवळ येऊन मिळाल्या की मासा उजळतो आणि डोमच्या लगेच पुढचं पाणी अंधारात राहतं. अंधारातले कण दिसत नाहीत. मी एक फोटो काढला, डावा स्ट्रोब चार बोटं बाहेर सरकवला, पुन्हा काढला. एकाच प्रवाळाच्या गोळ्याचे चाळीस फोटो. विसाव्यानंतर कुठेतरी पाणी स्वच्छ व्हायला लागलं. पाणी तेच होतं.

तरी ठिपके पूर्ण जात नव्हते. स्लेटवर पुन्हा तोच शब्द आला. मग मी डोम प्रवाळापासून एका वितेवर नेला, अंगठा ते करंगळी, खरोखर हाताने मोजून. त्या फोटोत गोळ्याचा लालसर जांभळा रंग असा उसळून आला की मी तोंडातल्या रेग्युलेटरमधूनच काहीतरी ओरडले. स्ट्रोबचा प्रकाश वस्तूपर्यंत जातो आणि परत येतो, म्हणजे अंतर दुप्पट कापतो. वस्तू एक मीटरवर असेल तर दोन मीटर पाणी, आणि त्या वाटेतही लाल गिळला जातोच. शिवाय अंतर दुप्पट झालं की हवेतही प्रकाश चौथाईवर येतो, पाण्यात त्याहून कमी. मीटर-दीड मीटरपलीकडे स्ट्रोब जवळजवळ निरुपयोगी आहेत. एका वितेवर ते सूर्य असतात.

एवढ्या जवळ जायचं तर लेन्स रुंदच हवी, नाहीतर चौकटीत काही मावणार नाही. फिशआय आणि छोटा डोम ही जोडी त्याचसाठी. सपाट काचेमागे रुंद लेन्स लावली तर पाण्याच्या वक्रीभवनाने तिचा कोन आक्रसतो आणि कडांना रंग फुटतात; डोमची गोलाई तो कोन जसाच्या तसा ठेवते. मात्र डोम स्वतःच एका भिंगासारखा वागतो. दूरवरचं दृश्यही तो लेन्सपुढे काही इंचांवरच्या आभासी प्रतिमेत आणून ठेवतो, म्हणून जी लेन्स अगदी जवळचं फोकस करू शकत नाही ती डोममागे आंधळी असते. आणि कडा स्पष्ट हव्या असतील तर लेन्सचं छिद्र एफ ८ किंवा त्याहून लहान (एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होतं).

रात्री आणखी एक खोड लक्षात आली. खाली अंधुक उजेडात कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो झगझगीत दिसत होते, म्हणून मी उजेड कमी करत गेले होते. वर येऊन पाहते तर सगळे काळवंडलेले. आता पडद्यावर विश्वास नाही, हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखावर, आहे.

कॅमेरा गोड्या पाण्याच्या वेगळ्या टबात तासभर बुडवून ठेवला आणि पाण्यातच एकेक बटण वीस-वीस वेळा दाबलं. बटणाच्या दांडीभोवती मीठ वाळलं की त्याचे स्फटिक होतात, आणि ते आतल्या छोट्या रिंगांना कापतात.

दिवस तिसरा

वारा. लाटांनी तळ ढवळला, पाणी ताकासारखं. उतरलो नाही.

व्हरांड्यात बसून ताईने जुन्या लोकांबद्दल सांगितलं. १८९३ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, बान्यूल्स-सुर-मेर इथे, लुई बूताँ नावाचा जीवशास्त्रज्ञ शिरस्त्राणवाल्या पोशाखात पाण्याखाली उतरला आणि भावाने, ऑगस्तने, आखून दिलेल्या जलरोधक पेटीतून त्याने फोटो काढले. एकेका फोटोला लागणारा वेळ मिनिटांत मोजायचा. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगाज इथे विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो घेतला. वर तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवायची आणि त्या लखलखाटात खाली हॉगफिश टिपायचा. माझे स्ट्रोब चार पेन्सिल सेलवर दोन-तीन सेकंदांत पुन्हा तयार होतात. त्या विजेच्या फ्लॅशमागे अमेरिकन अभियंते हॅरल्ड एजर्टन यांचं काम आहे. ते समुद्रसंशोधक जाक कूस्तोंच्या 'कॅलिप्सो' जहाजावरही जात आणि जहाजावरची मंडळी त्यांना 'पापा फ्लॅश' म्हणत.

कूस्तोंसाठी जाँ द वूटर्सने जो कॅलिप्सो कॅमेरा बनवला, तोच १९६३ मध्ये नायकॉनकडे येऊन निकोनॉस झाला. ताईने पहिले फोटो त्याच कुळातल्या निकोनॉस पाचवर काढले होते. त्यात लेन्समधून बघण्याची सोय नाही. अंतर डोळ्यांनी अजमावायचं, लेन्सवर फिरवून लावायचं आणि ३६ फोटो संपले की वर यायचं. "अंतर मोजायची सवय मला तिथूनच लागली," ती म्हणाली. "तुला लेन्समधूनच दिसतंय, बटण दाबताक्षणी शटर उघडतंय. या दोन गोष्टींसाठी एसएलआर. बाकी सगळं तुझ्यावर."

दिवस चौथा

फिशआय आणि डोम काढून ६० एमएम मॅक्रो, अगदी लहान गोष्टी टिपणारी लेन्स, आणि सपाट पोर्ट. पोर्ट बदलणं मी सकाळच्या घाईत, व्हरांड्याच्या पायरीवर बसून केलं. पंप मारला, हिरवा. किनाऱ्यापर्यंत चालत गेलो, फिन घालायला वाकले आणि हाऊसिंग किणकिणलं. लाल.

ताई काहीच बोलली नाही. खोलीवर परत आलो. पोर्टच्या रिंगखाली वाळूचा एकच कण होता, खसखशीएवढा. सकाळची डाइव्ह गेली, पण कॅमेरा राहिला. ज्यांच्याकडे हा दाबाचा दिवा नाही त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, बाकी एखादी लेन्स नंतर घ्या, हा आधी बसवा. आणि पोर्ट बदलायचा तो आदल्या रात्री, टॉवेलवर.

दुपारी समुद्रफुलाकडे. अंड्यांचा नारिंगी रंग उतरून तपकिरी झाला होता. एकेक अंडं जेमतेम दोन मिलिमीटर, खडकाला एका टोकाने चिकटलेलं, आणि सगळी मिळून गवतासारखी हलत होती. वस्तू सेन्सरवर जेवढ्यास तेवढी उमटते अशा एकास-एक मॅक्रोवर या कॅमेऱ्याच्या चौकटीत साडेतेवीस मिलिमीटर रुंदी मावते. एफ १६ वरही स्पष्टतेची जाडी एखाद-दोन मिलिमीटर. म्हणजे मी नखाच्या जाडीएवढी पुढे-मागे झाले तरी फोटो गेला. आणि पाण्यात माणूस सतत तेवढा हलतोच.

इथे श्वास रोखावासा वाटतो. बंदूक रोखणाऱ्याला वाटतो तसा. ताईने उतरण्यापूर्वी माझ्याकडून वदवून घेतलं होतं: स्कूबावर श्वास कधीही रोखायचा नाही. रोखलेल्या श्वासानिशी दीड-दोन मीटर जरी वर गेलो तरी फुफ्फुसातली हवा फुगते आणि इजा करते. त्याऐवजी लांब, सावकाश उच्छ्वास आणि त्याच्या शेवटच्या टप्प्यात शटर. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर दिला होता. एकदा अंतर ठरवून कुलूप लावायचं आणि मग सगळं अंग सावकाश पुढे न्यायचं. डोळा स्पष्ट झाला की बोट दाबायचं.

नर माझ्या पोर्टवर येऊन टकटक करत होता. काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसत असावं. त्याला अंड्यांपासून फार वेळ लांब ठेवायचं नाही, म्हणून एका खेपेला वीस फोटो, मग दहा मिनिटं मागे. समुद्रफुलाला हात लावून बाजूला सारलं असतं तर आणखी अंडी दिसली असती. लावला नाही.

वीसपैकी एक फोटो बरा. त्यात अंड्यांच्या आत काळपट ठिपके होते, जोडीने.

दिवस पाचवा

सकाळी पुन्हा फिशआय, कारण समुद्र आरशासारखा शांत होता. ताईने आज उजेडाचे दोन हिशेब वेगळे करून दाखवले. स्ट्रोबची चमक क्षणार्धाची असते, शटर कितीही वेगवान ठेवलं तरी (या कॅमेऱ्यावर १/२५० सेकंदापर्यंत) ती पूर्ण सापडते. म्हणून शटरने मागच्या निळ्याचा गडदपणा ठरवायचा. आणि छिद्राने व स्ट्रोबच्या ताकदीने पुढच्या वस्तूचा उजेड. एकदा हे हाताला कळलं की निळा हवा तसा करता येतो, आकाशी, शाईसारखा, जवळजवळ काळा. मी त्या दिवशी स्ट्रोबची ताकद आपोआप ठरवणारा टीटीएल बंद केला आणि परत लावला नाही.

प्रवाळाच्या कड्याखाली जाऊन वर पाहिलं. पाण्याखालून वर बघताना सबंध आकाश, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत गोळा होऊन दिसतं. तिच्या बाहेर पृष्ठभाग आरशासारखा, त्यात तळाचं प्रतिबिंब. फिशआयमध्ये ती जवळजवळ सबंध खिडकी मावली. कोवळं ऊन तिरपं येत होतं. १/२५०, एफ १३, आयएसओ १००, स्ट्रोब जवळजवळ पूर्ण ताकदीवर. सूर्याचे किरण सुटे सुटे आले.

परतताना कासव. प्रवाळाच्या खोबणीत तोंड घालून खात होतं. माझे पाय आपोआप त्याच्याकडे मारले गेले आणि ताईने फिन धरून मला थांबवलं. कासवाला श्वासासाठी वर जावंच लागतं, त्याची वाट अडवायची नाही. पाठलाग केला तर पाठच मिळते. आम्ही बाजूला, त्याच्या पातळीला, वाळूवर थांबलो. आठ मिनिटं. मग ते स्वतःच निघालं आणि माझ्या डोमसमोरून, हातभर अंतरावरून गेलं. सहा फोटो. एकाचाही कोपरा कापलेला नाही. डोळ्याभोवतीच्या सुरकुत्यांत अडकलेला शेवाळाचा तंतूही दिसतो.

दिवस सहावा

रात्रीच टॉवेलवर मॅक्रो चढवला होता. सकाळी हिरवा दिवा.

नर आता अंड्यांवरून हलायलाच तयार नव्हता. पर हलवायचा, मग तोंडाने एखादं अंडं टोकून पुढे सरकायचा. मेलेली, न फळलेली अंडी तो वेचून काढतो. मी पोर्ट खाली आणला. काचेपासून तीन बोटं पाणी. दोन्ही स्ट्रोब पोर्टला चिकटवून दोन बाजूंना, कारण इतक्या जवळ बॅकस्कॅटरला जागाच उरत नाही. फोकसचा दिवा लाल, कारण तो माशांना पांढऱ्याइतका बोचत नाही. उच्छ्वास. अंगाने पुढे.

व्ह्यूफाइंडरमध्ये चांदीचे ठिपके उमटले. प्रत्येक अंड्यात दोन डोळे, प्रत्येक डोळ्यात काळं बुबुळ आणि त्याभोवती चंदेरी कडं. शेकडो. नराने पर हलवला की सगळे एकदम एका बाजूला झुकत आणि परत येत, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. त्या पारदर्शक पिशवीत शेपटी वळवून घेतलेली दिसत होती. एका पिल्लाने कूस बदलली.

वीस फोटो झाले. मी कॅमेरा छातीशी धरून मागे सरकले आणि ताईकडे पाहिलं. तिने स्लेट काढली नाही. हात पुढे करून माझा हात दाबला. टाकीतल्या हवेचा दाब साठ बारवर आला होता. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून वर आलो. मास्कमध्ये पाणी होतं, ते समुद्राचं नव्हतं.

अंडी आज संध्याकाळी फुटतील, ताई म्हणाली. सूर्य मावळल्यावर, अंधार पडता पडता, म्हणजे पिल्लांना गिळणाऱ्यांची नजर कमी होते. "रात्री उतरूया का?" मी विचारलं. ती बराच वेळ विचार करून नको म्हणाली. फुटण्याच्या वेळी आपला प्रकाश तिथे नको, आणि इतक्या डाइव्हनंतर माझे पाय थकलेत हे तिने पाहिलं होतं. मला वाईट वाटलं. तरी ते बरोबर होतं.

दिवस सातवा

उद्या दुपारी विमान. सलग इतके दिवस डाइव्ह केल्यावर उडण्यापूर्वी किमान १८ तास तरी जावे लागतात, म्हणून शेवटची डाइव्ह सकाळीच.

खडक रिकामा होता. खरवडल्यासारखा स्वच्छ, फिकट. मी फिशआय घेऊन गेले होते. मादी समुद्रफुलाच्या वरून नेहमीसारखी माझ्यावर चालून आली. नर त्या मोकळ्या जागेशीच होता. तोंडाने खडक टोकत होता, थांबत होता, पुन्हा टोकत होता. मी वाळूवर पोट टेकवून डोम त्याच्या पातळीला आणला. स्ट्रोब बाहेर, मागे, किंचित वळवलेले. शटर १/१६०, निळा थोडा उजळ. मग थांबले. तो खडकावरून निघाला, आणि डोमपासून एका वितेवर येऊन वळला. मागे समुद्रफुलाची बोटं, त्यामागे रिकामा खडक, वर पाण्याचा पृष्ठभाग. एकच फोटो काढला आणि कॅमेरा खाली घेतला.

दुपारी ताईने तो पडद्यावर मोठा केला. तिने यावेळी किती पाणी होतं ते विचारलं नाही. नराच्या कल्ल्यामागचा पांढरा पट्टा आणि त्याची काळी किनार बघत राहिली, आणि मग म्हणाली, "याचा प्रिंट मला दे."

सामान बांधताना विमानासाठी हाऊसिंग मोकळं ठेवायचं असतं. जमिनीवर घट्ट बंद केलं तर वरच्या कमी दाबात आतली हवा पोर्टला बाहेर रेटते. बॅटऱ्या हातातल्या पिशवीत घेतल्या. पलंगावर टॉवेल अंथरला, हात धुतले, पंखा बंद केला. ओ-रिंग काढून चिमटीतून फिरवली आणि छोट्या पिशवीत ठेवली. पहिल्या दिवशीचा टिश्यू हाऊसिंगच्या तळाशी तसाच होता. उजेडात धरून पाहिला. कोरडा होता.